सेलिब्रिटींनी जास्त दान करावं का? हो, पण ‘जास्त’ कशात मोजायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका जाहिरातीचे दहा कोटी घेणारा नट किंवा क्रिकेटपटू पूर आल्यावर दहा लाख देतो आणि त्याची बातमी होते. अशा श्रीमंत, प्रसिद्ध माणसांनी जास्त द्यायला नको का? आणि तसं त्यांना जाहीरपणे सुनावणं योग्य आहे का?

मी सनदी लेखापाल आहे आणि माझं बहुतेक काम सार्वजनिक न्यासांचं आहे. नोंदणी, हिशेब, ऑडिट, देणगीदारांशी होणारा पत्रव्यवहार हे सगळं त्यात येतं. त्यामुळे देणगी जिथे येऊन पडते त्या टेबलावरून उत्तर देते. माझं मत आधीच सांगते: हो, त्यांनी जास्त द्यायला हवं, आणि बहुतेकांना ते सहज झेपेल. मात्र संस्थांना रकमेपेक्षाही मोठी अडचण असते ती पैसा सलग न येण्याची. एकदम आलेले पन्नास लाख आणि पाच वर्षं दरसाल आलेले दहा लाख यांची बेरीज एकच. पण पहिल्यातून बहुधा एखादी वस्तू उभी राहते आणि दुसऱ्यातून काम उभं राहतं. तुमच्या प्रश्नातला ‘जास्त’ हा शब्द मी या अर्थाने घेते आहे.

आधी ‘श्रीमंत’ कोणाला म्हणायचं ते पाहू, कारण राग बऱ्याचदा चुकीच्या माणसावर निघतो. मराठी मालिकेतला रोज घराघरांत दिसणारा चेहरा दिवसाच्या दराने काम करतो, आणि ते पैसे हातात यायला नव्वद दिवस लागण्याची पद्धत आहे. नाटकातल्या नटाला प्रयोगामागे नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते. प्रयोग नाही तर नाइट नाही. प्रसिद्धी आणि पैसा यांचं गणित हिंदीत जुळतं तसं मराठीत क्वचितच जुळतं. क्रिकेटपटूची कमाई मोठी असते, पण ती दहा-बारा वर्षांत आटोपते आणि त्यावर पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. म्हणून सगळ्यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. ज्याचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न एक कोटीच्या आत आहे, त्याच्याकडे मी तरी जाहीर हिशेब मागणार नाही.

आता तुमच्या दहा कोटींचं बघू. हा आकडा बातमीतला. त्यातून एजन्सी किंवा मॅनेजरचं कमिशन जातं, समजा १५ टक्के, म्हणजे दीड कोटी. मेकअप, ड्रायव्हर, सुरक्षा, कार्यालय, प्रवास यांचा या कामावर पडणारा वाटा एक कोटी धरा. उरले साडेसात कोटी. सध्याच्या दराने नव्या करप्रणालीत या पातळीवर अधिभार आणि उपकर धरून वरच्या टप्प्याचा कर ३९ टक्के होतो, म्हणजे सुमारे २ कोटी ९२ लाख. हातात राहतात ४ कोटी ५८ लाख. त्यातले दहा लाख म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. ‘दहा कोटींतले फक्त दहा लाख’ असं जेवढं वाटतं तेवढं ते कमी नाही. पण अशा माणसाच्या वर्षात जाहिरात एकच नसते, आणि देणगी मात्र बऱ्याचदा तेवढी एकच असते. प्रश्न खरा तिथे आहे.

दुसरा हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘हे सगळं टॅक्स वाचवायला करतात’. व्यक्तीच्या बाबतीत आज हे गणितात बसत नाही. (नवा आयकर कायदा आल्यावर कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत; मी सगळ्यांना सवयीची असलेली जुनी नावं वापरते.) नव्या करप्रणालीत व्यक्तीला ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत मिळते, पण सर्वसाधारण न्यासाला दिलेल्या देणगीच्या निम्मीच, आणि तीसुद्धा समायोजित उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. वरच्याच माणसाने साडेसात कोटींपैकी ७५ लाख दिले असं समजा. जुन्या प्रणालीत वजावट साडेसदतीस लाखांची आणि वाचलेला कर सुमारे १६ लाख. पण या पातळीवर जुन्या प्रणालीचा दर ४२.७४ टक्के आहे, त्यामुळे ती निवडली म्हणून साडेसात कोटींवर जवळपास २८ लाख जादा कर भरावा लागतो. सोळा वाचवायला अठ्ठावीस घालवायचे असा हा हिशेब आहे. शिवाय व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्याला दरवर्षी हवी ती प्रणाली निवडता येत नाही. पीएम केअर्स किंवा मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या रकमेवर पूर्ण वजावट असते, तिथे गणित जेमतेम बरोबरीत येतं. म्हणून एखाद्याने मोठी देणगी दिली की त्याच्या हेतूवर लगेच कराचा शिक्का मारू नका. कराची सवलत हे कारण आता जवळजवळ उरलेलंच नाही, आणि मला वाटतं ही वाईट गोष्ट झाली आहे. सवलतीच्या निमित्ताने का होईना, दर मार्चमध्ये देणारे लोक होते.

मग किती द्यावं? कायदा व्यक्तीला काही सांगत नाही. कंपनीला मात्र सांगतो. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ असं आहे: मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी किंवा अधिक असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४पासून हे लागू आहे. अनेक कलाकारांची निर्मितीसंस्था किंवा स्वतःचं मानधन घेणारी कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असते, त्यामुळे पाच कोटींच्या वर नफा गेला की हे दोन टक्के तिच्यावर बंधनकारक होतात. तोच धंदा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) म्हणून किंवा स्वतःच्या नावावर केला तर काहीच बंधन नाही. पाच कोटी नफ्याच्या कारखान्याला जे सक्तीने करावं लागतं, ते पाच कोटी कमावणाऱ्या माणसाने स्वेच्छेने करावं, हे माझं किमान माप आहे. दोन टक्के ही काही अवघड अट नाही. इस्लाममध्ये जकात साठलेल्या संपत्तीवर अडीच टक्के आहे, शिखांमध्ये दसवंध उत्पन्नाचा दहावा हिस्सा आहे, आणि साधी माणसं ते पाळतात. पंचवीस कोटींच्या वर कमावणाऱ्याने पाच टक्के, आणि ज्याची मालमत्ताच शेकडो कोटींत आहे त्याने उत्पन्नाचे दहा टक्के द्यावेत असं मला वाटतं. वरच्या उदाहरणातल्या माणसाला दोन टक्क्यांनी पंधरा लाख येतात, दहा टक्क्यांनी पंचाहत्तर. ही रक्कम दरवर्षीची. आपत्ती येवो न येवो.

आता बातमीतल्या देणगीकडे येऊ. बातमी वाचताना मी पहिल्यांदा बघते ते हे की पैसा कोणाच्या खिशातला आहे. सचिन तेंडुलकर यांचं उदाहरण घेते, कारण त्यात फरक स्वच्छ दिसतो. राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी सांसद आदर्श ग्राम योजनेत आंध्रातलं पुट्टमराजू कंड्रिगा आणि धाराशिव जिल्ह्यातलं डोंजा ही गावं घेतली. तिथल्या कामांना खासदार निधी वापरला गेला. हा निधी दरसाल पाच कोटींचा असतो आणि तो सरकारी, म्हणजे तुमचाआमचा पैसा आहे. गाव निवडणं, पाठपुरावा करणं हे त्यांचं योगदान. पण ती देणगी नव्हे. २०१८मध्ये मुदत संपताना त्यांनी खासदार म्हणून मिळालेलं वेतन आणि भत्ते, सुमारे ९० लाख रुपये, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीला दिले. ही मात्र स्वतःच्या पैशातली देणगी. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत, फक्त एकाच रकान्यात लिहायच्या नाहीत. तसंच कलाकाराचं फाउंडेशन दुसऱ्या कंपन्यांच्या सीएसआरवर, म्हणजे वर सांगितलेल्या सक्तीच्या दोन टक्क्यांवर, चालत असेल, तर तो चेहरा त्याचा आणि पैसा त्या कंपन्यांचा. चाहत्यांकडून ऑनलाइन गोळा केलेली रक्कम हा आणखी वेगळा रकाना.

मग घोषणा आणि जमा यांतलं अंतर. अक्षय कुमार यांनी मार्च २०२०मध्ये पीएम केअर्सला २५ कोटी देत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा रक्कम, कोणाला, आणि स्वतःच्या बचतीतून हे तिन्ही एका वाक्यात होतं. घोषणा अशी असावी. ‘मी पूरग्रस्तांसाठी पन्नास लाखांची मदत करत आहे’ या वाक्यात घेणाऱ्याचं नावच नाही. अशी मदत नंतर कुठे गेली हे शोधायला निघालात तर हाती काही लागत नाही. संस्थेला खरोखर पैसे मिळाले असतील तर तिच्याकडे देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि पावती असते. संस्था ८०जीधारक असेल तर दरवर्षी ३१ मेपर्यंत तिला देणग्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, भरावं लागतं आणि देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे प्रमाणपत्र देणगीदाराकडे असतं. त्याने ठरवलं तर तो ते एका मिनिटात दाखवू शकतो.

कधीकधी कलाकार ब्रँडला सांगतो, ‘माझं मानधन परस्पर अमुक संस्थेला द्या.’ हेतू उत्तम, पण कागद बिघडतो. काम त्याने केलं, मोबदला त्याचा ठरला, म्हणून आयकराच्या नजरेत ते उत्पन्न त्याचंच राहतं आणि कर त्यालाच भरावा लागतो. जीएसटीचंही तेच. आधी स्वतःच्या खात्यात घ्यावं, कर भरावा आणि मग आपल्या खात्यातून द्यावं, हा मार्ग सरळ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे दिलेला पैसा कशावर बांधला जातो. एक उदाहरण जवळून बघा. एखादा लोकप्रिय माणूस तालुक्याच्या धर्मादाय रुग्णालयाला पाच डायलिसिस मशीन देतो. एक मशीन साधारण सात लाखांचं धरलं तर पस्तीस लाख झाले. फीत कापली जाते, भिंतीवर फलक लागतो. आता ते मशीन चालवायचं बघा. डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्राला मशीनमधून मिनिटाला अर्धा लिटर द्रव फिरतो, म्हणजे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी. ते साध्या नळाचं चालत नाही, त्याला वेगळा आरओ प्लांट लागतो, आणि तो जेवढं शुद्ध पाणी देतो साधारण तेवढंच टाकून देतो. म्हणजे सत्रामागे अडीचशे लिटर पाणी रुग्णालयात यायला हवं. उन्हाळ्यात टँकर असणाऱ्या गावात हे आधी विचारायचं असतं. मग डायलायझर, नळ्या, बायकार्बोनेट, हेपारिन, वीज, जनरेटरचं डिझेल, प्रशिक्षित तंत्रज्ञ, महिन्यातून काही वेळा येणारे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि मशीनचा वार्षिक देखभाल करार. सगळं धरून सत्रामागे साधारण बाराशे रुपये लागतात असं समजू.

एका मशीनवर दिवसाला दोन पाळ्या, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२ सत्रं. पाच मशीनची २६०. महिन्याचा खर्च ३ लाख १२ हजार, वर्षाचा साडेसदतीस लाखांच्या घरात. म्हणजे मशीन ज्या किमतीला आली त्याहून जास्त पैसे ती पहिल्याच वर्षी चालवायला लागतात, आणि दरवर्षी लागत राहतात. रुग्णाला आठवड्यातून दोनदा यावं लागतं असं धरलं तर महिन्याला आठ सत्रं; पाच मशीनवर बत्तीस रुग्ण. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर खर्चाचा काही भाग परत मिळतो, पण तो उशिरा येतो, आणि तोवर पगार व सामान थांबत नाही. चालू खर्चाची सोय नसेल तर आधी दोन पाळ्यांची एक होते, मग पाचपैकी दोन मशीन झाकून ठेवली जातात, आणि बत्तीस रुग्णांतले निम्मे पुन्हा जिल्ह्याच्या गावी एसटीने जायला लागतात. पस्तीस लाख देणाऱ्याने पाचऐवजी दोन मशीन घेतली असती, १४ लाख तिथे आणि उरलेले २१ लाख चालू खर्चाला ठेवले असते, तर दोन मशीनच्या १०४ सत्रांचा सव्वा लाखाचा मासिक खर्च जवळपास सतरा महिने निघाला असता. तेवढ्यात योजनेचे पैसे वेळेवर यायची घडी बसते. फोटोत मात्र पाच मशीन दिसतात तेवढी दोन दिसत नाहीत.

पुराचंही तसंच. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवस पुरेल असं शिधा-किट म्हणजे दहा किलो तांदूळ, दहा किलो पीठ, तीन किलो तूरडाळ, दोन लिटर तेल, दोन किलो साखर, मीठ, चहा, तिखट-हळद, साबण. घाऊक भावाने सुमारे दोन हजार. दहा लाखांत भाडं आणि पॅकिंग वजा जाता साडेचारशे किट, म्हणजे एखाददुसरं गाव. पहिल्या आठवड्यात हे सगळेच देतात, आणि कोल्हापूर-सांगलीच्या २०१९च्या पुरासारख्या वेळी रस्त्यालगतच्या गावांत तेच सामान तीनतीनदा पोचतं. तिसऱ्या महिन्यात, म्हणजे पंचनामे होऊन, विहिरीतला गाळ काढायचा, वाहून गेलेली माती भरायची, रब्बीचं बियाणं घ्यायचं तेव्हा देणारं कोणी नसतं. मी कुठल्याही मोठ्या देणगीदाराला सांगते की घोषणा आज करा, पण निम्मी रक्कम नव्वद दिवसांनंतरच्या कामासाठी राखून ठेवा.

आणि पगार. हा शब्द देणगीदारांना नको असतो. ‘आमचा पैसा थेट लाभार्थ्यापर्यंत जावा, आस्थापना खर्चाला नको’ असं लिहून येतं. पण आदिवासी पाड्यावर मुलांची वजनं घेणारी ताई हाच तर तो कार्यक्रम असतो. महिना पंचवीस हजार धरले तर वर्षाला तीन लाख. दहा लाखांत अशा तीन जणी वर्षभर काम करतात.

महाराष्ट्रातल्या कलावंतांना हे फार पूर्वी उमगलं होतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. नामवंत कलाकारांना घेऊन ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी केले, त्यातून निधी जमवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायची व्यवस्था केली. या कलाकारांकडे आजच्या सारखे कोट्यवधी नव्हते. त्यांनी तारखा दिल्या. देणगी कशी असावी याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही: स्वतःला जे येतं ते दिलं, मुद्दल सांभाळलं, आणि कोणी द्यायला तयार नसतं त्या गोष्टीसाठी, म्हणजे माणसाच्या महिन्याच्या गरजेसाठी, दिलं. मुक्तांगणही असंच. पुलं आणि सुनीताबाईंनी दिलेले एक लाख रुपये, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातली जागा, आणि १९८६मध्ये व्यसनमुक्तीचं काम सुरू झालं. रक्कम मोठी नव्हती. ती सुरुवातीला आली आणि चालवणाऱ्यांवर विश्वास टाकून आली.

आज असा निधी करायचा तर किती लागेल? दहा कार्यकर्त्यांना महिना पंधरा हजार म्हणजे वर्षाला १८ लाख. सात टक्के व्याज धरलं तर सुमारे २ कोटी ५७ लाखांचं मुद्दल. पण सगळं व्याज वाटून टाकलं तर महागाईने मानधनाची किंमत वर्षागणिक घटत जाते. तीन टक्के मुद्दलात परत घालायचे ठरवले तर चार टक्क्यांवर चालवावं लागेल आणि मुद्दल साडेचार कोटी लागेल. हे पैसे न्यासाला कायद्याने ठरवून दिलेल्या जागीच, म्हणजे बँक ठेवी, सरकारी रोखे अशा ठिकाणी ठेवावे लागतात. वरच्या उदाहरणातल्या एकाच जाहिरातीच्या करोत्तर कमाईत दहा माणसांची आयुष्यभराची सोय होते.

वेळ आणि चेहरा देण्याचं मोल मी कमी मानत नाही. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५मध्ये आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना पंधरा हजारांचे धनादेश देण्यापासून सुरुवात केली, मग नाम फाउंडेशन जलसंधारणाच्या कामात उतरलं. आमिर खान आणि किरण राव यांच्या पानी फाउंडेशनने २०१६मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांची पंचेचाळीस दिवसांची स्पर्धा घेतली. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, बक्षीस पन्नास लाखांचं होतं. तिथे मुख्य गुंतवणूक प्रशिक्षणात होती, कुदळ-फावडं गावाचं होतं. कलाकाराच्या नावाने माणसं जमतात, तहसीलदार फोन उचलतो, कंपन्या पैसे देतात. पण पाणी अडवल्यावर ते कोणी किती उपसायचं हा प्रश्न राहतोच. त्यावर ताबा नसेल तर चार बोअर आणि उसाचा फड दोन वर्षांत सगळं पिऊन टाकतो. म्हणूनच अशा कामात पाच-सात वर्षं टिकून राहावं लागतं, आणि वर्षाला एक भेट देऊन ते होत नाही.

‘मग मी माझंच फाउंडेशन काढतो’ हा बहुतेकांचा पुढचा विचार असतो. माझा सल्ला असा की वर्षाला एक कोटी स्वतःच्या खिशातून पाच वर्षं घालायची तयारी नसेल तर काढू नका. न्यासपत्र, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, आयकर सवलतीसाठी १२एबीची आधी तात्पुरती आणि मग नियमित नोंदणी, ८०जी, दुसऱ्यांचा सीएसआर घ्यायचा तर सीएसआर-१ हा फॉर्म. त्यानंतर दरवर्षी ऑडिट, आयकर विवरण, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल. एक हिशेबनीस, एक कार्यक्रम अधिकारी आणि ऑडिट एवढंच धरलं तरी दहा-बारा लाख जातात. वर्षाला वीस लाख वाटणाऱ्या फाउंडेशनने त्यातले बारा स्वतःवर घालवण्यात अर्थ नाही. शिवाय विश्वस्त म्हणून बायको, भाऊ आणि मॅनेजर घेतले जातात, आणि न्यासाची गाडी घरच्या कामाला वापरली की कायद्याने ती कुटुंबाला दिलेला लाभ ठरते आणि करसवलत धोक्यात येते. दोन चित्रपट पडले की फाउंडेशनचं कार्यालय बंद होतं, पण नोंदणी रद्द होताना साठलेल्या मालमत्तेवर सर्वोच्च दराने कर बसू शकतो. त्यापेक्षा वीस वर्षं एकाच विषयात रुतून काम करणाऱ्या दोन संस्था निवडाव्यात.

तुमचा उरलेला प्रश्न दबावाचा. दान गुप्त असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये, ही आपल्याकडची शिकवण मी मानते. (संस्थेपासून मात्र गुप्त राहता येत नाही, धर्मादाय न्यासाला निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे मिळाल्या तर त्यांवर ३० टक्के कर लागतो.) पण ज्यांचं रोजचं जगणंच जाहीर आहे त्यांनी देणंही जाहीर ठेवावं असं मला वाटतं, कारण त्यांचं पाहून इतर देतात. रकमेवरून टोमणे मारले की त्यातून आणखी घोषणा निघतात. म्हणून दबाव माहितीसाठी आणा. कोणत्या संस्थेला, कोणत्या वर्षी, स्वतःचे की कंपनीचे, आणि किती वर्षांसाठी, एवढं विचारा. निर्मितीसंस्थेचं नाव माहीत असेल तर राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर तिचा खर्च कोणालाही बघता येतो. संस्था महाराष्ट्रातली असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल असतात आणि अर्ज करून त्यांच्या प्रती मागता येतात.

आणि तुमच्या ओळखीत असा कोणी देणारा असेल तर त्याला आणखी एक गोष्ट सांगा. बहुतेक मोठे धनादेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात. न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्च करायचा असतो. चार दिवसांत ते शक्य नसतं, मग फॉर्म भरून रक्कम पुढच्या वर्षात न्यावी लागते, आणि कुठे मुदत चुकली तर त्यावर कर बसतो. त्याउलट एप्रिलमध्ये पहिला हप्ता आला, सोबत ‘पुढची तीन वर्षं दर तिमाहीला एवढे, कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा’ असं एका पानाचं पत्र आलं, तर संस्था जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी शिक्षिकेला नेमणूकपत्र देऊ शकते.